‘मलाही काढा!’

१४ ऑक्टोबर १९९७. मायक्रोसॉफ्टमध्ये कुणाच्या तरी लक्षात येतं, की आपलं नाव ‘बेडलम डीएल-थ्री’ नावाच्या भलत्याच मेलिंग लिस्टमध्ये आहे. तो त्याच लिस्टवर लिहितो: मला यातून काढा. लिस्टमध्ये सुमारे १३,००० माणसं. सगळ्यांना तो मेल जातो आणि उत्तरं सुरू होतात. ‘मलाही!’ ‘मलाही काढा!’ मग वैतागलेल्यांची: ‘सगळ्यांना उत्तर पाठवणं थांबवा!’ तीही सगळ्यांनाच. बघता बघता मेलची संख्या दीड कोटीच्या घरात जाते, आणि ऑफिसांसाठी मेलचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचीच मेलव्यवस्था कोलमडते.

आपल्या ऑफिसात असा स्फोट होत नाही. तिथे रोज थोडं थोडं साचतं. सोमवारी सकाळी आउटलुक उघडावं, तर न वाचलेल्या ठळक ओळी कितीही खाली गेलं तरी संपत नाहीत. त्यातले कितीतरी मेल नुसते सीसीत, म्हणजे फक्त माहितीसाठी प्रत म्हणून, आलेले. साहेबांना कळावं म्हणून, उद्या कुणी ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणू नये म्हणून. पाठवणाऱ्याचं काही जात नाही. वेळ जातो तो वाचणाऱ्याचा. त्यामुळे ज्याचा इनबॉक्स तुंबला त्यालाच बेशिस्त ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

आपल्या बाजूनं थोडं करता येतं. आपण फक्त सीसीत आहोत असे मेल वेगळ्या फोल्डरमध्ये जावेत, असा रूल लावता येतो. दिवसातून एकदा तिकडे नजर टाकली तरी भागतं.

खरा फरक पडतो तो पाठवताना. विषयाच्या ओळीत नुसतं ‘बिलाबाबत’ लिहिलं, तर मेल उघडावाच लागतो. ‘जूनचं बिल: गुरुवारपर्यंत मंजुरी हवी’ असं लिहिलं, तर तो कधी उघडायचा हे समोरच्याला बाहेरूनच ठरवता येतं. आणि ‘ओके’, ‘नोटेड’ एवढंच कळवायचं असेल, तर रिप्लाय ऑल कशाला?

जर्मनीतल्या डाइमलर कंपनीची २०१४ मध्ये जगभर चर्चा झाली. तिथे सुट्टीवर जाणाऱ्यानं ठरवलं, तर त्या काळात त्याला आलेले मेल आपोआप डिलीट होत. पाठवणाऱ्याला तसं कळवलं जाई, तातडीचं असेल तर कुणाशी संपर्क साधायचा तेही सांगितलं जाई. ऐकायला धाडसाचं वाटतं. पण माणूस परततो तेव्हा त्याच्यापुढे ढीग नसतो, आणि ज्याचं काम खरंच अडलं होतं, त्याला दुसरं दार तेव्हाच दाखवलेलं असतं.