सीटखालच्या सहा बॅटऱ्या

नमस्कार श्रोतेहो.

बंद पडलेली जुनी गोल्फ कार्ट घरी आली की पहिला खर्च बहुतेक वेळा चुकीच्या जागी होतो. गाडी हलत नाही म्हणून कोणी मोटर उतरवून वाइंडिंगवाल्याकडे नेतं, कोणी थेट नवा कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा खोका, मागवतं. दोष मात्र बहुधा सीटखाली निघतो: सहापैकी एक बसलेली बॅटरी, नाहीतर लगच्या, म्हणजे केबलच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या टोपीच्या, आत काळी पडलेली केबल. म्हणून आज पान्याच्या आधी मल्टिमीटर हातात घेऊ या.

उदाहरणाला क्लब कारची डीएस ही गाडी घेऊ, 1995 नंतरची, 48 व्होल्टची. क्लब कार काय आणि ई-झी-गो काय, दोन्ही गोल्फ कार्ट बनवणाऱ्या कंपन्या अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ऑगस्टा परिसरातल्या. डीएसची चॅसी अ‍ॅल्युमिनियमची, त्यामुळे ती गंजत नाही. लोखंडी चॅसीच्या गाडीत बॅटरीच्या ट्रेखाली स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. आम्लानं लोखंड खाल्लं असेल तर पापुद्रे सुटतात, आणि मग वेल्डिंगचा खर्च धरूनच भाव करावा.

पुढचं ठरवायचं ते मोटरवरून. मोटरला चार जाड केबल लागल्या असतील तर ती सीरिज मोटर. दोन जाड आणि दोन बारीक असतील तर तिचं फील्ड वाइंडिंग, म्हणजे चुंबकत्व तयार करणारं वेटोळं, वेगळं चालवलं जातं. या दोन्हींचे कंट्रोलर एकमेकांना चालत नाहीत. हे न बघता मागवलेला कंट्रोलर खोक्यातच राहतो. सीरिज मोटरबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: गाडीवरून उतरवलेल्या मोटरला पूर्ण 48 व्होल्ट कधीही देऊ नका. भार नसला की तिचा वेग वाढतच जातो आणि आतला फिरणारा भाग, आर्मेचर, फुटू शकतो. तपासायची असेल तर मोटर घट्ट बांधा, तिच्यावरची ए-1 आणि एस-1 ही टर्मिनलं एका केबलनं जोडा, आणि ए-2 व एस-2 यांना क्षणभर 12 व्होल्ट द्या. गुळगुळीत फिरली की काम झालं.

आता बॅटऱ्या. हातातली अंगठी, कडं, घड्याळ आधी काढून ठेवा. पान्याचा अर्धा भाग इन्सुलेशन टेपनं गुंडाळा, कारण पाना दोन टर्मिनलांवर आडवा पडला तर तो तिथंच वितळतो. टर्मिनलवर पांढरेहिरवे क्षार साचले असतील तर एक लिटर पाण्यात पाव वाटी खायचा सोडा घालून ब्रशनं धुवा. झाकणं मात्र घट्ट लावलेली हवीत. सोड्याचं पाणी आत गेलं तर ते बॅटरीतल्याच आम्लाला मारतं.

झाकण उघडून पाणी बघा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या जेमतेम बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला, मग चार्ज करा, आणि चार्ज झाल्यावर उरलेलं भरा, झाकणाखाली आत उतरणाऱ्या नळीच्या खालच्या कडेपासून सुमारे 3 मिलिमीटर खाली येईपर्यंत. आधीच काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये ते फुगून बाहेर येतं, आणि सोबत आम्ल घेऊन येतं. आम्ल वरून कधीच घालायचं नाही. चार्जिंग उघड्या हवेत करा, हायड्रोजन निघतो.

फार दिवस उभ्या असलेल्या गाडीला चार्जर लावला की काहीच होत नाही, आणि लोक चार्जरच फेकायला निघतात. तो बिघडलेला असेलच असं नाही. पॅकचा, म्हणजे सहाही बॅटऱ्यांचा मिळून, व्होल्टेज फार उतरलेला असला की चार्जरचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, ओढलाच जात नाही. प्रत्येक बॅटरी 8 व्होल्टच्या वेगळ्या चार्जरनं थोडी वर आणा, मग मूळ चार्जर सुरू होतो.

चार्ज पूर्ण झाल्यावर सहा तास थांबा. आठ व्होल्टची निरोगी बॅटरी तेव्हा 8.5 च्या जवळ दाखवते, सगळा पॅक 51 च्या जवळ. पण उभ्या गाडीचा आकडा फसवतो. खरी परीक्षा चढावर. एकानं गाडी चढावर चालवावी, शेजारच्यानं मल्टिमीटर एकेका बॅटरीला लावावा. पाच बॅटऱ्या साडेसातच्या वर उभ्या आणि सहावी साडेपाचवर घसरली, तर दोष सापडला. मात्र जुन्या पाचांत एक कोरी बॅटरी बसवू नका. कमकुवत बॅटऱ्या चार्जर लवकर बंद करवतात, नवी अर्धवट राहते आणि काही महिन्यांत त्यांच्याच वयाची होते.

आता केबल. मूळच्या केबल साधारण 13 चौरस मिलिमीटरच्या. सगळ्या मिळून 4 मीटर धरल्या आणि चढावर 200 अँपिअर ओढले, तर केबलमध्येच एक व्होल्टच्या वर पडतो, म्हणजे 200 वॅट नुसती उष्णता होते. हा हिशेब नव्या तांब्याचा. लगच्या आत गंज असेल तर याहून वाईट. 35 चौरस मिलिमीटरच्या केबल टाकल्या की हे नुकसान चाळीस टक्क्यांवर येतं. लग हायड्रॉलिक क्रिम्परनं दाबा आणि वर गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. हातोडीनं चेपलेली लग गरम होणारच.

बरेच जण आता लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीकडे जातात. 16 सेल, 51.2 व्होल्ट, 105 अँपिअर-अवरचा पॅक घेतला तर वजन पन्नास किलोच्या आत येतं. शिशाच्या सहा बॅटऱ्या पावणेदोनशे किलोच्या आसपास असतात. फरक ब्रेक लावताना आणि चढावर लगेच जाणवतो. चूक होते ती बीएमएसमध्ये, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटमध्ये. स्वस्त पॅकचा बीएमएस 100 अँपिअरचा असतो, आणि चढावर गाडी उठताना कंट्रोलर 300 मागतो. बीएमएस वीज तोडतो आणि गाडी भर चढावर मेल्यासारखी उभी राहते. सतत 200 अँपिअर देणारा आणि काही सेकंद त्याहून जास्त सोसणारा बीएमएस हवाच. पॉझिटिव्ह टर्मिनलला लागून डीसीचा क्लास-टी फ्यूज बसवा. जुना चार्जर चालत नाही, या पॅकला 58.4 व्होल्टच्या वर जाऊ द्यायचं नाही. शून्य अंशाखाली चार्जिंगही करायचं नाही, हे अमेरिकेच्या उत्तर भागात राहणाऱ्या श्रोत्यांनी विशेष लक्षात घ्यावं.

याच डीएसमध्ये एक ऑनबोर्ड कॉम्प्युटर आहे. निगेटिव्ह केबल त्याच्यातून जाते आणि चार्जर तोच सुरू-बंद करतो. लिथियम बसवताना तो वगळावा लागतो. पण चार्जरची वायर लावलेली असताना गाडी चालू न देणारी सोयही त्याच्याकडेच असते. ती जागा भरायला चार्जरच्या सॉकेटवरून किल्लीच्या सर्किटमध्ये एक इंटरलॉक रिले घाला.

दिवे आणि हॉर्न यांसाठी दोन बॅटऱ्यांवरून वायर काढण्याची सवय वाईट. 16 व्होल्टनं बल्ब उडतात आणि त्या दोन बॅटऱ्या बाकीच्या चारांच्या आधी मरतात. 48 वरून 12 करणारा कन्व्हर्टर बसवा.

सोलेनॉइड, म्हणजे पॅकची वीज मोटरकडे जोडणारा मोठा स्विच, बदलताना त्याच्या जाड टर्मिनलांवरचा प्री-चार्ज रेझिस्टर आणि कॉइलवरचा डायोड विसरू नका. रेझिस्टर नसला तर प्रत्येक वेळी ठिणगी पडते आणि एक दिवस संपर्क चिकटून बसतात. म्हणजे पाय काढला तरी सोलेनॉइड सुटत नाही. डायोडची पट्टी पॉझिटिव्हकडे असते.

आणि वेग. मूळ गाडी ताशी वीस-बावीस किलोमीटरची, आणि ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना, तेही केबलनं ओढले जाणारे ड्रम. वेग वाढवायच्या आधी ड्रम काढा, ब्रेकची धूळ हवेनं न उडवता ओल्या फडक्यानं पुसा, शू झिजले असतील तर बदला. ब्रेक केबल म्यानात अडकत असेल तर तेल घालून भागवू नका, नवी टाका. पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनचे बुश आणि टायरॉडचे सांधे ढिले असतील तर तेही याच वेळी. मागच्या एक्सलमध्ये एसएई 30 तेल लागतं, डीएसला सुमारे 670 मिलिलिटर. आपल्याकडे अशी गाडी सोसायटीच्या किंवा शेताच्या बंद आवारातच ठेवा, सार्वजनिक रस्ता तिच्यासाठी नाही.

पहिली फेरी दहा मिनिटांची, चढासह. परत आल्यावर सीट उचला आणि इन्फ्रारेड थर्मामीटर एकेका लगवर धरा. इतरांपेक्षा पंधरा-वीस अंश गरम निघेल ती लग कापा, नवी दाबा, आणि आठवड्यानं सगळे नट पुन्हा आवळा.

नमस्कार.