कारवी आणि तीन वर्षांची पदवी

नमस्कार श्रोतेहो.

२०२४ च्या पावसाळ्यात ठाण्याच्या येऊरच्या उतारांवर कारवी नावाचं झुडूप फुललं. त्याआधी कारवी फुलली होती २०१६ साली, आणि त्याआधी २००८ साली. सात वर्षं नुसती पानं, आठव्या वर्षी सगळ्या झुडपांना एकदम जांभळा बहर, आणि मग झुडूप वाळून जातं. बोंडं मात्र उन्हाळाभर त्या वाळक्या काटक्यांवरच राहतात. पुढच्या वर्षी पावसाच्या पहिल्या सरी आल्या की ती तडतड फुटतात आणि बी उडतं. मधल्या मार्च-एप्रिल-मे महिन्यांत डोंगराला वणवा लागला, तर आठ वर्षांची सगळी पुंजी राख.

आता पदवी असते तीन वर्षांची, फार तर चार. कित्येक मुलं वनस्पतिशास्त्र घेऊन पास होतात आणि कारवीचा बहर न बघताच बाहेर पडतात. नगरसेवक पाच वर्षांनी बदलतो, वनखात्यातला अधिकारी त्याहूनही लवकर. एकाच जमिनीकडे वीस-तीस वर्षं सलग बघत राहायचं आणि त्याची नोंद ठेवायची, हे विद्यापीठाला जमतं. जमीन आणि तिच्यावरचे जीव राखायचे असतील तर विद्यापीठाचं पहिलं काम हेच, असं मला मनापासून वाटतं. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम आहे, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, १९०६ सालापासूनचा. तिथल्या जुन्या वाळवलेल्या फांद्या आणि त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या पाहिल्या की कुठे काय उगवत होतं ते आजही कळतं. मुंबई विद्यापीठाचा उपपरिसर ठाण्यात आपल्या बाळकुमला आहे, ठाणे-नवी मुंबईत महाविद्यालयं तर गल्लोगल्ली आहेत. प्रत्येकाने निदान आपल्या कुंपणाच्या आत काय जगतं याची वही सुरू करावी.

वही सुरू झाली की आवाराची निगा आपण कशी राखतो, हेही तपासावं लागतं. एक उदाहरण सांगते. आंब्यावर बांडगूळ दिसलं की माळीदादा ते छाटून टाकतात, कारण त्यांना तसंच सांगितलेलं असतं. पण हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू अंडी घालतं ते बांडगुळाच्याच पानांवर. पंखांच्या खालच्या बाजूला पिवळा रंग, काळ्या रेषा आणि कडेला लाल ठिपके, असं हे फुलपाखरू तुम्ही नक्की पाहिलं असेल. त्याच्या अळ्या घोळक्याने एका पानावर बसून खातात आणि फांदी हलली की रेशमाच्या धाग्याला लोंबकळतात. बांडगुळाची फळं खायला फुलटोच्या येतो, एवढासा पक्षी, आणि बी दुसऱ्या फांदीवर नेऊन चिकटवतो. झाड थोराड आणि धडधाकट असेल तर दोन-चार झुबके राहू द्यावेत.

गवताचंही तसंच. जुलै-ऑगस्टमध्ये आवारातलं गवत यंत्राने कापून साफ केलं की तेरडा, रानहळद, कळलावी यांना फुलायला जागाच उरत नाही. आवाराचा एक कोपरा दिवाळीपर्यंत कापूच नये. तणनाशक तर मुळीच मारू नये.

आणि वृक्षारोपण. त्याबद्दल मी जरा स्पष्ट बोलणार आहे. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष आणि गिरिपुष्प अमेरिका खंडातले. दरवर्षी हीच रोपं वाटण्यापेक्षा उंबर, करंज, पांगारा, काटेसावर, कुंभा यांची रोपवाटिका महाविद्यालयातच का करू नये? बी गोळा करण्यापासून मुलांनीच करावं. मात्र खारघर किंवा पारसिकच्या माथ्यावरच्या गवताळ माळावर खड्डे खणू नयेत. माळ म्हणजे रिकामी जमीन नव्हे. टिटवी, चंडोल जमिनीवर अंडी घालतात, त्यांना तिथे झाडांची गर्दी नको असते. त्या डोंगरांना गरज आहे ती वणव्यापासून राखण्याची. उन्हाळ्याआधी वनखात्याबरोबर जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढायला एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजनेची) मुलं गेली, तर ते शंभर रोपं लावण्याहून मोठं काम होईल.

सगळं ज्ञान प्रयोगशाळेत असतं असंही नाही. जूनच्या सुरुवातीला ठाण्याच्या बाजारात आदिवासी बाया शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात, शेजारी काकडांचा, म्हणजे आंबट रानफळांचा, छोटा वाटा. शेवळाने घसा खाजतो, म्हणून आतला पिवळा भाग काढायचा आणि भाजीत काकडं घालायची, हे त्याच सांगतात. शेवळं म्हणजे त्या वनस्पतीचा फुलोराच. सगळा खुडला तर बी धरणार नाही. कुठल्या उतारावर आता कमी मिळतात, हे या बायांना ठाऊक आहे. विद्यापीठाने त्यांना शिक्षक म्हणून बोलवावं, मानधन द्यावं आणि वहीत त्यांच्या माहितीखाली त्यांचं नाव लिहावं.

ही वही आवारातच राहायला नको. जैवविविधता कायदा २००२ सालचा. त्यानुसार प्रत्येक महापालिकेत, प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोकांना बरोबर घेऊन जैवविविधता नोंदवही करायला हवी. आपल्या भागातल्या महाविद्यालयाच्या नोंदी त्या समितीकडे जातात का, ते विचारा. तुम्ही माजी विद्यार्थी असाल, तुमचं मूल तिथे शिकत असेल, तर प्राचार्यांना पत्र लिहा आणि पत्र पावसाळ्याआधी पोचू द्या, कारण गवत कापायचं कंत्राट तेव्हाच दिलं जातं.