सुताराचं दुकान

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिना आला की मला आंबे आठवतात, आणि आंब्यांच्या मागोमाग उकडलेले चणे. क्रूसाचे चणे. गिरगावात आमच्या चाळीमागच्या वाडीत काळ्या दगडाचा एक क्रूस होता. मे महिन्यातल्या संध्याकाळी वाडीतली ईस्ट इंडियन मंडळी, म्हणजे मुंबईतली मूळची मराठी बोलणारी ख्रिस्ती माणसं, तिथे जमायची, मेणबत्त्या लागायच्या, प्रार्थना व्हायची आणि शेवटी द्रोणातून चणे. चाळीतली आम्ही पोरं प्रार्थनेला नसायचो, चण्यांना मात्र वेळेवर हजर.

मी दुसरीत असेन. त्या दिवशी प्रार्थना लांबली. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून पहिल्यांदाच क्रूसाकडे नीट पाहिलं. दगडात कोरलेला हातोडा. तीन खिळे. पकड. शिडी. दोन फासे. आणि वर चक्क कोंबडा! शेजारी लाल चौकड्यांचं लुगडं नेसलेल्या एक आजी बसल्या होत्या. मी हळूच विचारलं, "आजी, हे सुताराचं दुकान आहे का?"

आजी अशा हसल्या की पुढच्या बाया वळून बघायला लागल्या. "आरं पोरा, सुतारच व्हता तो!"

चणे वाटून झाल्यावर त्यांनी मला हाताला धरून परत तिथे नेलं. एकेका खुणेवर बोट. हातोड्यानं येशूला खिळे ठोकले. फासे शिपायांचे, त्याचा अंगरखा बिनशिवणीचा, फाडला तर वाया जाईल, म्हणून डाव टाकून घेतला. कोंबडा? मला वाटलं, रविवारचा असेल. तो पेत्राचा. जिवाभावाचा शिष्य, पण कोंबडा आरवायच्या आत तीनदा म्हणाला, मी ह्या माणसाला ओळखत नाही. मग बोट पकडीवर थांबलं. "ठोकायचं हत्यार बी हाय, आन् काढायचं बी हाय." शिडी त्याला खाली उतरवायला.

ठोकायचंही आणि काढायचंही, दोन्ही एकाच दगडात. पुढे मी क्रूसावर बरंच वाचलं, पण आजींच्या ह्या वाक्याच्या पुढे फारसा गेलो नाही.

क्रूसाला मराठी बायबलात शब्द आहे वधस्तंभ. रोमन राज्यात ही शिक्षा गुलामांना आणि बंडखोरांना, भर रस्त्यात, लोकांनी बघावं म्हणून. लाजेची गोष्ट. त्यामुळे सुरुवातीची तीनेकशे वर्षं ख्रिस्ती लोकांनी हे दृश्य क्वचितच चितारलं. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइननंतर ती खूण उघड मिरवू लागली. कॅथलिकांच्या क्रूसावर बहुधा येशूची मूर्ती असते, प्रोटेस्टंटांचा रिकामा असतो: तो उठला, आता तिथे नाही. एकाला दुःख दाखवायचंय, दुसऱ्याला दुःखाचा शेवट. पुन्हा हातोडा आणि पकडच की!

जर्मन चित्रकार ग्र्युनेवाल्डनं 1512 ते 1516 च्या सुमारास इझेनहाइमच्या मठासाठी येशू रंगवला, तो अंगभर जखमांनी भरलेला. त्या मठात कातडीच्या भयंकर रोगाचे रुग्ण सांभाळत. रोग्यांपुढे रोग्यासारखाच देव. आपल्याकडे 1896 साली मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि त्या साथीच्या दिवसांत मुंबईच्या गल्ल्यांतून, गावठाणांतून कितीतरी क्रूस उभे राहिले.

आता मनातलं बोलतो, रागावू नका. ह्या क्रूसांना हल्ली बाथरूमच्या टाइल्स लावतात. वर दरवर्षी ऑइलपेंटचा हात. कोंबडा बुजतो, पकड बुजते. आमच्या देवळांचंही तेच, तिथेही गाभाऱ्यात पांढऱ्याशुभ्र फरश्या! काळ्या दगडाचं आपल्याला काय वावडं आहे, कळत नाही. आणि चण्यांच्या जागी वेफर्सची पाकिटं, तो विषय मी काढतच नाही.

तर वांद्र्याला सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारात एक जुना क्रूस आहे. एकाच अखंड दगडाचा, उंची सुमारे 17 फूट, आणि त्यावर ह्याच दुःखभोगाच्या खुणा कोरलेल्या. लांबून हात जोडून निघू नका. भोवती एक फेरी मारा, मुलांना बरोबर न्या, आणि ती कशाला काय म्हणतात ते ऐका.

नमस्कार.