वाट चुकलेला तंतू

झेब्रा माशाचं अंडं जेमतेम मिलिमीटरभर असतं. ते मादीच्या पोटाबाहेर पाण्यात वाढतं आणि आतलं भ्रूण काचेसारखं पारदर्शक असतं. म्हणूनच चेतातंतू आपली वाट कशी शोधतो, हे जिवंत प्राण्यात बघायचं तर आम्ही या माशाकडे वळतो. भ्रूण अगारोजच्या, म्हणजे जेलीसारख्या पदार्थाच्या, पातळ थरात बसवायचं, चेतापेशींमध्ये चमकणारं प्रथिन घालायचं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तासन् तास बसायचं.

अंडं फळून साधारण दीड दिवस झाला, की डोळ्यातून पहिले तंतू बाहेर पडलेले दिसतात. प्रत्येकाच्या टोकाला पंजासारखा पसरट भाग असतो, तो म्हणजे वृद्धिशंकू. १८९० साली स्पॅनिश शास्त्रज्ञ रामोन ई काहाल यांनी कोंबडीच्या भ्रूणात तो ओळखला. पण त्यांच्यासमोर होत्या मेलेल्या, रंगवलेल्या पेशी. आज आपल्याला तो हलताना दिसतो. बारीक बोटं पुढे काढतो, चाचपतो, काही आखडून घेतो, थबकतो, पुन्हा सरकतो.

तो चाचपतो काय? आजूबाजूच्या पेशींनी सोडलेली प्रथिनं. नेट्रिन बहुतेक वेळा ओढून घेतं. स्लिट दूर लोटतं. शंकूच्या पृष्ठभागावर रोबो नावाचा ग्राहक, म्हणजे संदेश टिपणारं प्रथिन, असतो. त्याला स्लिट चिकटलं की त्या बाजूचा ॲक्टिन या प्रथिनाच्या धाग्यांचा आतला सांगाडा ढासळतो, बोटं आखडतात आणि शंकू दुसरीकडे वळतो. दृष्टितंतूंच्या वाटेच्या दोन्ही अंगांना स्लिट तयार करणाऱ्या पेशी असतात. तंतू त्यांच्या मधून जातो, मेंदूची मध्यरेषा ओलांडतो आणि दोन दिवसांच्या सुमारास पलीकडच्या टेक्टममध्ये, म्हणजे मेंदूच्या दृष्टी सांभाळणाऱ्या भागात, पोचतो. माशात एका डोळ्याचे सगळेच तंतू विरुद्ध बाजूला जातात.

आता ज्यासाठी मी हा विषय निवडला, त्याकडे येतो. या माशांचा एक उत्परिवर्ती वाण आहे, ‘अ‍ॅस्ट्रे’, म्हणजे भरकटलेला. त्याच्यात बिघडलेलं जनुक रोबो-२चं, म्हणजे रोबो ग्राहकाच्या एका प्रकाराचं, आहे, हे २००१ साली उलगडलं. त्याचे तंतू कुठेही जातात: मेंदूच्या पुढच्या टोकाकडे, समोरच्या डोळ्याकडे, काही तर मध्यरेषा ओलांडून परत फिरतात. कुंपण ओळखता येत नाही म्हणून भटकले, असं कुणालाही वाटेल. पण पुढच्याच वर्षी जिवंत भ्रूणात हे तंतू वाढताना टिपले, तेव्हा दिसलं की निरोगी माशाचा तंतूही चुकतो! क्वचित चुकतो, पण चुकीच्या दिशेला गेलेला शंकू मागे येतो आणि योग्य वाट धरतो. अ‍ॅस्ट्रेत चुका जास्त होतात आणि झालेली चूक सुधारतच नाही. म्हणजे रोबो-२ तंतूला चुकण्यापासून रोखतंच, शिवाय चुकलेल्याला परतही आणतं. मला स्वतःला या सगळ्या संशोधनातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तयार झालेला मेंदू कापून बघितला असता तर परत फिरलेल्या तंतूची खूणसुद्धा सापडली नसती.

टेक्टममध्ये शिरल्यावर जागा ठरवायला दुसरी प्रथिनं आहेत, एफ्रिन. ती मागच्या भागात जास्त, पुढे कमी. डोळ्याच्या शेपटीकडच्या भागातल्या तंतूंना ती सोसत नाहीत, ते पुढेच थांबतात. नाकाकडच्या भागातले आत मागपर्यंत जातात. डोळ्यात शेजारी असलेले तंतू टेक्टममध्येही शेजारीच येतात आणि बाहेरच्या जगाचा नकाशा तिथे उमटतो. पाचव्या दिवशी ते पिल्लू पाण्यातल्या पॅरामेशियमकडे डोळे वळवतं आणि त्यावर झडप घालतं.