बॅटरीवरचा लॅपटॉप आणि स्क्रीनचा उजेड

नमस्कार श्रोतेहो.

‘गुरुवारी सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळेत देखभाल-दुरुस्तीसाठी वीजपुरवठा बंद राहील.’ महावितरणचा असा मेसेज पुणेकरांना नवा नाही. तो आला की टाकी भरून ठेवायची, मोबाइल चार्जिंगला लावायचे, मिक्सरची कामं उरकायची, हे घरात न सांगता होतं. लॅपटॉपवर काम करणाऱ्याच्या घरात मात्र एक प्रश्न उरतो: बॅटरी तीन वाजेपर्यंत पुरेल का? बऱ्याचदा त्याचं उत्तर स्क्रीनच्या उजेडावर ठरतं. आज त्या उजेडाबद्दल, म्हणजे ब्राइटनेसबद्दल बोलू. थोडे आकडे येतील, कागद-पेन्सिल जवळ असेल तर बरं.

हिशेब साधा आहे. बॅटरीत किती वीज मावते ते वॅट-तासांत सांगतात. समजा तुमची बॅटरी ४५ वॅट-तासांची आहे. रोजच्या वापराच्या लॅपटॉपमध्ये साधारण एवढीच असते. वाय-फाय चालू आहे, ब्राउझरमध्ये पाच-सात टॅब उघडे आहेत, एखादी वर्ड फाइल आहे. अशा कामात स्क्रीनचा दिवा सोडून बाकीचा लॅपटॉप ६ वॅट घेतो असं धरू. पूर्ण उजेडावर स्क्रीनचा दिवा आणखी ४ वॅट घेईल. एकूण झाले १० वॅट. पंचेचाळीसला दहाने भागा: साडेचार तास. म्हणजे दहा वाजता सुरू केलेला लॅपटॉप अडीचला मान टाकणार.

आता दिव्याचा उजेड निम्मा करा. दिवा २ वॅटवर आला, एकूण ८ वॅट. पंचेचाळीस भागिले आठ म्हणजे पाच तास सदतीस मिनिटं. तीन वाजून गेले तरी लॅपटॉप चालू. बाकी काहीही न बदलता एक तास सात मिनिटं मिळाली.

हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या लॅपटॉपचे थोडे इकडे-तिकडे असतील, पण गणिताचा साचा हाच राहील. त्यातून एक सावधगिरीही कळते. व्हिडिओ कॉल चालू असेल तर प्रोसेसर, कॅमेरा, माइक आणि नेट मिळून १२ वॅट सहज घेतात. तेव्हा पूर्ण उजेडावर १६ वॅट, निम्म्यावर १४. बॅटरी दोन तास एकोणपन्नास मिनिटांऐवजी तीन तास तेरा मिनिटं चालेल, फायदा चोवीस मिनिटांचाच. लिहिण्या-वाचण्याच्या कामात उजेड कमी करण्याचा लाभ मोठा असतो, जड कामात तो घटतो. अशा वेळी आधी कॅमेरा बंद करावा, उजेडाकडे नंतर वळावं.

आता हा दिवा नेमका कुठे असतो ते बघू, कारण निम्मे गैरसमज तिथेच आहेत. साध्या एलसीडी स्क्रीनमध्ये खालच्या कडेला बारीक एलईडींची एक पट्टी असते. तिचा प्रकाश पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ पाटीतून सगळ्या स्क्रीनभर पसरतो. पुढे तो ध्रुवण करणारी फिल्म, द्रवस्फटिकाचा थर आणि लाल-हिरवे-निळे रंग गाळणाऱ्या काचा पार करत आपल्यापर्यंत येतो. या वाटेत बहुतेक प्रकाश शोषला जातो. पांढरं पान उघडं असतानाही शंभरातला पाच-सात टक्केच बाहेर पडतो. स्क्रीनवर काळं चित्र असतं तेव्हा मागचा दिवा विझत नाही. खिडकीचं दार लावलं तरी बाहेरचं ऊन असतंच, तसं. दिवा चालू, झडप बंद.

म्हणून एलसीडीवर डार्क मोड लावून बॅटरी सहसा वाचत नाही. नाइट लाइट लावून स्क्रीन पिवळी केली तरी वाचत नाही. या सोयी डोळ्यांच्या आवडीनिवडीच्या. ओलेड स्क्रीनची गोष्ट वेगळी: तिथे प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, काळा ठिपका विझलेला असतो, त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीने वीज खरोखर वाचते. आपली स्क्रीन कुठली हे लॅपटॉपच्या मॉडेलच्या माहितीत असतं. एक घरगुती परीक्षाही आहे. रात्री दिवे मालवून स्क्रीनभर पूर्ण काळं चित्र लावा. स्क्रीन राखाडी, किंचित धुरकट उजळलेली दिसली तर एलसीडी. खोलीच्या अंधारात मिसळून गेली तर ओलेड.

मग उजेड कितीवर ठेवावा? माझं ठाम मत आहे की वरचा निम्मा उजेड बिनदिक्कत सोडून द्यावा, आणि खालच्या निम्म्यात उतरताना जपून उतरावं. कारण आपला डोळा प्रकाश मोजतो तो फूटपट्टीसारखा नाही. प्रकाश निम्मा झाला तर डोळ्याला तो साधारण तीन-चतुर्थांश वाटतो. ‘निम्मा झाला’ असं वाटायला तो अठरा टक्क्यांच्या आसपास उतरावा लागतो. बॅटरी मात्र फूटपट्टीनेच मोजते. वरच्या अर्ध्यात दोन वॅट वाचतात आणि डोळ्याला फारसं कळतही नाही. पाव उजेडावरून एक-दशांशावर गेलात तर वाचतो अर्ध्या वॅटहून जरासाच जास्त, आणि त्यापायी तुम्ही मान पुढे काढून, डोळे बारीक करून अक्षरं वाचायला लागता.

बरं, स्लायडरवरचे ५० म्हणजे निम्मा प्रकाशच, असंही नाही. कुठल्या आकड्याला किती प्रकाश द्यायचा हे लॅपटॉप बनवणारे ठरवतात. म्हणून दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नका. त्याऐवजी कोऱ्या कागदाची चाचणी करा. एक पांढरा कागद घ्या. झेरॉक्सच्या दुकानातला ए-फोर चालेल. वर्डची कोरी फाइल स्क्रीनभर उघडा. कागद स्क्रीनच्या शेजारी, त्याच कोनात उभा धरा. स्क्रीन ट्यूबलाइटसारखी पेटलेली आणि कागद तिच्यापुढे मळकट दिसत असेल तर उजेड जास्त आहे. कागद उजळ आणि स्क्रीन राखाडी दिसत असेल तर कमी आहे. दोन्ही सारखेच पांढरे दिसतील तिथे थांबा. तो तुमच्या त्या जागेचा, त्या वेळेचा आकडा. बाहेरच्या उन्हातून नुकतेच आत आला असाल तर आधी चार-पाच मिनिटं थांबा. डोळा उन्हाला सरावलेला असतो, स्क्रीन उगाच अंधारी वाटते आणि हात वरच्या बटणाकडे जातो.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत डोक्यावर ट्यूबलाइट आणि टेबलावर एकच प्लग, तोही शेजाऱ्याने घेतलेला, अशा जागी कागदाची चाचणी केलीत तर बहुतेक स्क्रीन मधल्या आकड्याच्या आसपास स्थिरावतील. स्क्रीनचा उजेड निट या एककात मोजतात. साध्या लॅपटॉपची स्क्रीन पूर्ण उजेडाला अडीचशे ते तीनशे निट देते. घरातल्या नेहमीच्या उजेडात सव्वाशे-दीडशे पुरतात.

आता बटणं. कीबोर्डच्या वरच्या रांगेत सूर्याचं चिन्ह असलेल्या दोन कळा असतात, एक कमी करायची आणि एक वाढवायची. नुसती दाबून काही होत नसेल तर एफएन कळ धरून दाबा. विंडोज अकरामध्ये विंडोजची कळ आणि ए एकत्र दाबलं की कोपऱ्यात स्लायडर उघडतो. सविस्तर मार्ग असा: सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ब्राइटनेस.

इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. पूर्वी विंडोज चार्जरवरचा उजेड वेगळा आणि बॅटरीवरचा वेगळा लक्षात ठेवायचं. चार्जर काढला की स्क्रीन आपोआप मंद व्हायची. २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज दहाच्या अपडेटपासून हे बदललं. चार्जर काढला तरी उजेड होता तसाच राहतो. त्यामुळे ‘बॅटरीवर आपोआप कमी होत असेल’ या भरवशावर राहू नका. चार्जर काढताना हात एकदा सूर्याच्या कळेवर गेलाच पाहिजे.

आपोआप हवं असेल तर सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग पॉवर अँड बॅटरी, आणि तिथे एनर्जी सेव्हर. जुन्या आवृत्तीत नाव बॅटरी सेव्हर. त्यात उजेड कमी करण्याचा पर्याय चालू ठेवा आणि बॅटरी किती टक्क्यांवर आल्यावर हे सुरू व्हावं ते निवडा. तो मुळात असलेल्या उजेडातून तीस टक्के कमी करतो. वीस टक्क्यांवर सुरू करून उपयोग थोडा. तोवर पाचातले चार भाग जळून गेलेले असतात. निदान पन्नास ठेवा. मॅकवर सेटिंग्जमध्ये बॅटरी, त्यात ऑप्शन्स, तिथे बॅटरीवर असताना स्क्रीन किंचित मंद करण्याचा पर्याय आहे.

बिघडतं ते कसं? सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असा: काळी खिडकी उघडली की स्क्रीन हळूच मंद होते, पांढरं पान आलं की पुन्हा उजळते. स्क्रीन खराब झालेली नसते. चित्रात गडद भाग जास्त असला की मागचा दिवा कमी करून चित्राचे रंग वाढवायचे, अशी ही बचतीची युक्ती आहे. विंडोज अकरात ब्राइटनेसच्या शेजारचा बाण उघडला की मजकुरानुसार उजेड बदलण्याचा पर्याय दिसतो. त्यात बंद, नेहमी, किंवा फक्त बॅटरीवर अशी निवड असते. तिथे बंद करूनही थांबलं नाही तर ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये बघा. इंटेलच्या ग्राफिक्स कमांड सेंटरमध्ये ते डिस्प्ले पॉवर सेव्हिंग नावाने असतं, एएमडीमध्ये व्हॅरी-ब्राइट नावाने. फोटोंवर किंवा छपाईच्या डिझाइनवर काम करणाऱ्यांनी हे बंदच ठेवावं, रंगांचा भरवसा राहत नाही. नुसतं लिहिणाऱ्यांनी चालू ठेवलं तर थोडी वीज वाचते.

दुसरी तक्रार: स्लायडरच गायब, किंवा हलवला तरी काही बदलत नाही. विंडोज नव्याने टाकल्यावर हे हमखास होतं. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले अडॅप्टर्स बघा. तिथे मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर असं नाव दिसलं तर खरा ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसलेलाच नाही. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. त्याच यादीत मॉनिटर्सखाली बंद केलेला मॉनिटर दिसला तर तो एनेबल करा.

तिसरी: उजेड कमी ठेवला की डोकं दुखतं. काही स्क्रीन मंद करण्यासाठी दिवा खरोखर मंद करत नाहीत. तो सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात. उजेड जितका कमी, तितका बंदचा वेळ जास्त. मोबाइलचा कॅमेरा उघडून स्क्रीनजवळ धरा. उजेड कमी केल्यावर कॅमेऱ्यात काळे पट्टे सरकताना दिसले तर हेच चाललंय असं समजा. अशा लॅपटॉपवर उजेड फार खाली नेऊ नका. पट्टे नाहीसे होतील त्या आकड्यावर थांबा आणि बचत दुसरीकडून करा.

प्रवासात सगळंच उलटं होतं. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन पुण्याहून निघाली की सूर्य मागून, बहुतेक उजव्या अंगाने येतो. उजव्या खिडकीशी, तोंड मुंबईकडे करून बसलात तर ऊन थेट स्क्रीनवर पडतं, आणि अडीचशे निटांची स्क्रीन त्या उन्हापुढे हरते. उजेड शंभरावर नेऊन फक्त बॅटरी संपेल. डावीकडची जागा घ्या, स्क्रीन थोडी मागे कलवा, खिडकीचं शटर अर्धं ओढा. घाटात बोगद्यामागून बोगदे आले की स्वयंचलित उजेडाचा सेन्सर गोंधळतो. स्क्रीन चढते, उतरते, पुन्हा चढते. लोणावळा आलं की तो पर्याय बंद करा आणि उजेड हाताने ठेवा. गॉगल पोलराइज्ड असेल तर डोकं तिरकं केल्यावर स्क्रीन काळवंडते; उजेड वाढवण्याआधी गॉगल काढून बघा. आणि स्क्रीनवर बोटांचे तेलकट ठसे असतील तर ऊन त्यांच्यावर पसरून अक्षरं फिकी होतात. लॅपटॉप बंद करून मायक्रोफायबरचं कापड किंचित ओलं करा आणि हलक्या हाताने पुसा. पाणी थेट स्क्रीनवर फवारू नका, काचा पुसायचं द्रावण तर मुळीच नको.

पुन्हा गुरुवारकडे येऊ. बॅटरी जुनी असेल तर ४५चा आकडा खरा नसतो. स्टार्टमध्ये सी-एम-डी टाइप करून काळी खिडकी उघडा. पॉवर शब्दाची सगळी इंग्रजी अक्षरं, त्यांना जोडूनच सी-एफ-जी, मग एक जागा सोडून तिरकी रेघ म्हणजे स्लॅश, आणि त्याला जोडून बॅटरीरिपोर्ट, एवढं लिहून एंटर दाबा. अहवालाची फाइल कुठे ठेवली तो पत्ता खाली उमटतो. फाइल उघडून दोन आकडे शेजारी मांडा: डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. समजा पहिला ४५ हजार मिलीवॅट-तास आहे आणि दुसरा ३२ हजार. तर निम्म्या उजेडावर चारच तास मिळतील, पाव उजेडावर चार तास चौतीस मिनिटं. दहा ते तीन हे पाच तास काही भरत नाहीत. मग जेवणाचा अर्धा तास लॅपटॉप मिटून ठेवा, स्क्रीन तीन मिनिटांत बंद होईल असं लावा, कीबोर्डचा दिवा विझवा, आणि स्क्रीन १२० किंवा १४४ हर्ट्झची असेल, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा चित्र ताजं करत असेल, तर ६० वर आणा. काम साडेचार तासांचं, बॅटरी चार तास चौतीस मिनिटांची. त्या चार मिनिटांच्या भरवशावर मात्र बसू नका; अडीच वाजता फाइल सेव्ह करून पेन ड्राइव्हवर एक प्रत काढून ठेवा.

नमस्कार.