गाय हाडावर येण्याआधी

मंडळी, व्यायल्यानंतरचे पहिले दोन महिने सगळ्या घराचं लक्ष बादलीकडे असतं. दूध चढत असतं, पण त्या मानाने चारा गाईच्या पोटात जात नसतो. मधली तूट ती अंगातली चरबी जाळून भरून काढते. ही झीज हाताबाहेर गेली की किटोसिस (चरबी जळून रक्तात किटोन वाढण्याचा आजार) होतो, माज लांबतो, गाय उलटत राहते, म्हणजे रेतन करूनही गाभण राहत नाही. मग आपण रेतन करणाऱ्याला बोल लावतो. त्याआधी तिच्या कमरेकडे बघा; आता ते काम कॅमेराही करतो.

गाईच्या अंगावरची चरबी मोजायला १ ते ५ गुणांची पद्धत आहे. १ म्हणजे नुसता सापळा, ५ म्हणजे चरबीने लदलेली. होल्स्टिन ही परदेशी दुधाळ जातीची गाय विताना साधारण ३ ते ३.५ वर असावी आणि पुढे अर्ध्या गुणाहून फारशी खाली येऊ नये. हा अर्धा गुण धार काढणाऱ्याला दिसत नाही, कारण रोज थोडं थोडं उतरणारं अंग रोज बघणाऱ्याच्या नजरेत भरतच नाही. मला कॅमेरा हवा आहे तो एवढ्यासाठी.

डेलाव्हल या स्वीडिश कंपनीचा कॅमेरा गाईंच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर, फाटकाच्या वर बसवतात. खालून गाय गेली की आखूड बरगड्यांपासून शेपटीच्या मुळापर्यंतचा उंचसखलपणा तो टिपतो आणि दशांशात गुण देतो. आज ३.२, पंधरवड्याने २.९. यातला एकटा आकडा मला महत्त्वाचा वाटत नाही; तो कुठल्या बाजूला चाललाय ते बघायचं.

वजनाचं गणित तर आपल्याकडे जुनंच आहे. छातीचा घेर ७० इंच, खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत लांबी ६० इंच. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ६६०: सुमारे ४४५ किलो. वजन सांगणारे कॅमेरेही मापांवरूनच अंदाज बांधतात. पण गाय नुकतीच ४० लिटर पाणी पिऊन आली असेल, तर तेवढे ४० किलो वाढलेलेच असणार. म्हणून वेळ एकच ठेवा, धारेनंतरची.

आता आपल्या गोठ्यातली अडचण. होल्स्टिनच्या सपाट पाठीवर शिकलेला कॅमेरा खिलारच्या वशिंडापुढे अडखळतो. उंचसखलपणा मोजणारे बरेच कॅमेरे अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, प्रकाशावर चालतात. म्हशीच्या काळ्या अंगावरून तो कमी परततो, आणि मुक्त संचार गोठ्यात थेट ऊन असलं की माप बिघडतं. विकायला येणाऱ्याला स्पष्ट सांगा, आमचीच दहा जनावरं वजनकाट्यावर चढव आणि तुझ्या आकड्याशी ताडून दाखव. तो कां-कूं करत असेल तर पैसे देऊ नका.

दोन-चार गाईंच्या गोठ्याला हे यंत्र परवडणार नाही, हे उघड आहे. त्यांनी मोबाईल घ्यावा. दर पंधरा दिवसांनी, त्याच जागी, गाय चारी पायांवर सरळ उभी करून मागून आणि बाजूने एकेक फोटो, शेवटी कानातल्या बारा आकडी बिल्ल्याचा एक. विण्याच्या दिवसाचा फोटो जपून ठेवा आणि डॉक्टर आले की दोन्ही शेजारी शेजारी दाखवा.