या फळीचे जंगल कोणते?

(दृश्य: सांगलीतील लाकडाची वखार. ट्रकमधून फळ्या उतरवल्या जात आहेत.)

सांगली-मिरज परिसरातील वखारींत आता दोन तऱ्हेचा माल शेजारी शेजारी रचलेला दिसतो. एकीकडे सागाचे ओंडके आहेत, तर दुसरीकडे समुद्रमार्गे आलेल्या फिकट पिवळ्या, रेखीव कापलेल्या पाइन आणि स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या फळ्या. सागाच्या ओंडक्याच्या तोंडावर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा आहे, आणि ज्या वाहतूक परवान्यावर तो इथवर आला तो परवाना वखारमालक मागण्याआधीच काढून दाखवतात, कारण त्यावाचून गाडी नाक्यावर अडते हे त्यांना पक्के ठाऊक आहे. परदेशी फळ्यांच्या गठ्ठ्यासोबत मात्र केवळ बिल येते. त्यावर घनफूट, दर आणि कर यांची नोंद असते, जंगलाची नसते.

(दृश्य: दोन फळ्यांची टोके, अगदी जवळून.)

डावीकडची फळी न्यूझीलंडमधील लागवडीच्या पाइनची आहे. हे झाड पंचवीस-तीस वर्षांत तोडणीला येते, म्हणून त्याची वलये बोटाच्या पेराएवढ्या जागेत दोन-तीनच बसतात. उजवीकडच्या फळीत तेवढ्याच जागेत वलयांची इतकी दाटी आहे की मोजण्यासाठी मिस्त्रींना टाचणी घ्यावी लागली. कॅनडा, स्कँडिनेव्हिया आणि रशियाच्या उत्तर भागात वाढीचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा असतो. तिथले झाड सावकाश वाढते आणि त्याचे लाकूड घट्ट, सरळ रेषांचे होते. सुतारांना ते आवडते ते याच गुणासाठी. मात्र वलयांवरून फार तर अंदाज बांधता येतो. ही फळी लावलेल्या झाडाची की कधीही न तोडलेल्या जुन्या जंगलातील, हे तिच्याकडे पाहून कोणीही सांगू शकत नाही.

(दृश्य: कुपवाड औद्योगिक वसाहत. यंत्रसामग्रीसोबत आलेली पॅलेट्स, म्हणजे माल ठेवण्याच्या लाकडी चौकटी, आणि त्यांवरील शिक्का.)

या पॅलेटवर ठसठशीत शिक्का आहे. गव्हाच्या ओंबीसारखे चिन्ह, देशाची दोन अक्षरे आणि ‘एचटी’, म्हणजे हीट ट्रीटमेंट. तो पाहून अनेक दुकानदारांनी आम्हाला सांगितले की माल तपासलेला असतो. तपासणी झालेली असते, पण ती किडीपुरती. लाकडाचा गाभा किमान ३० मिनिटे ५६ अंश सेल्सिअसवर तापवला, एवढीच ग्वाही हा शिक्का देतो, आणि देशाची अक्षरेही प्रक्रिया कुठे झाली ते सांगतात, झाड कुठे तुटले ते नव्हे.

(दृश्य: नकाशा.)

जगाच्या एकूण वनक्षेत्राचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग या उत्तरेकडील जंगलांचा आहे, त्यांच्या मातीत प्रचंड कार्बन साठलेला आहे, आणि जुनी झाडे गेली की त्यांच्या आश्रयाने वाढणारे दगडफूल जाते व त्यावर हिवाळा काढणारे कॅरिबू हरीणही संकटात येते.

(दृश्य: फर्निचरचे दुकान. मालक बिलांची फाइल उघडतात.)

दुकानदाराच्या हातात किती बळ असते, याचा दाखला अमेरिकेत मिळाला. पर्यावरणवादी संघटनांनी दुकानांच्या दारांत निदर्शने केल्यानंतर, १९९९ मध्ये होम डेपो या अवाढव्य विक्रेत्याने संकटग्रस्त जंगलांतील लाकूड २००२ अखेरपर्यंत विक्रीतून काढण्याचे जाहीर केले, आणि लवकरच त्याच्या स्पर्धकांनाही तशीच भूमिका घ्यावी लागली. आपल्याकडचे दुकान लहान असले तरी विचारण्याची सोय तीच आहे. जबाबदारीने राखलेल्या जंगलांतील लाकडाच्या प्रमाणपत्रासाठी १९९३ मध्ये स्थापन झालेल्या एफएससी (फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल) या संस्थेच्या पद्धतीत जंगलापासून तयार मालापर्यंत तो विकत घेणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याकडे स्वतःचा प्रमाणपत्र क्रमांक असावा लागतो. तो क्रमांक आणि मालाचा प्रकार बिलावरच लिहिलेला असतो, आणि संस्थेच्या संकेतस्थळावर तो कोणालाही फुकट पडताळता येतो. या व्यवस्थेतही उणिवा आहेत. ‘मिक्स’ असा उल्लेख असेल, तर सगळेच लाकूड प्रमाणित जंगलातील नसते. म्हणून केवळ क्रमांकावर न थांबता झाडाची जात आणि तोडीचा प्रदेश लेखी मागावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. सागाचा परवाना ज्या बारकाईने पाहिला जातो, तीच बारकाई गुजरातेत कांडला बंदराजवळच्या गांधीधामच्या आरागिरण्यांतून येणाऱ्या या फळ्यांना का नको?

(दृश्य: दुकानदार ऑर्डरचा कागद भरत आहेत.)

सांगली, मिरज, कराड आणि साताऱ्याच्या दुकानदारांना आमची विनंती आहे की दिवाळीच्या मालाची ऑर्डर देताना त्याच कागदावर तीन रकाने वाढवावेत: जात, तोडीचा प्रदेश आणि प्रमाणपत्र क्रमांक. जो पुरवठादार ते भरून देईल, त्याच्याकडून माल घ्यावा. ज्याला ते भरता येणार नाहीत, त्याचा माल परत पाठवावा आणि परत का पाठवला, हेही त्याला कळवावे.